लिंबाचं झाड जेवत नाही

मंगळवार, ३ तारीख

ही वही बायकोने दिली. सकाळी बॅग भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला दिवसभर बोलायला कुणीतरी लागतं. मी नसताना यात बोला." मेव्हणीचा हात मोडलाय, म्हणून तिच्याकडे निघाली होती. कधी येशील विचारलं तर म्हणाली, "हाडाचं काय सांगता येतं?"

जाता जाता एकच गोष्ट बजावली. "लिंबाचं झाड तेवढं जगवा. घरात बाकी काय व्हायचं ते होऊ दे." मला जरा लागलंच ते. बाकी घरात मीही आहे.

हे झाड तिने बी लावून वाढवलंय. आम्ही या घरात राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी पिळलेल्या लिंबातली ती बी. तिचा फार जीव त्याच्यावर. कुंडीत असूनही माझ्या कमरेला लागेल एवढं झालं होतं आणि पानाला हात लावला तरी घरभर वास सुटायचा. मी निवृत्त झालो आणि का कोण जाणे, तेव्हापासून त्याची रयाच गेली. पानं पिवळी, फांद्या काटकुळ्या.

ती गेल्यावर मी झाडासमोर स्टूल घेऊन बसलो आणि नीट बघितलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी उभा जन्म आचारी म्हणून काढला, तीन पाळ्यांना जेवू घातलं. उपाशी माणूस मला लांबून ओळखू येतो. हे झाड उपाशी आहे, दुसरं काही नाही. ही त्याला रोज नुसतं पाणी घालायची. नुसत्या पाण्यावर कोण बाळसं धरणार?

गुरुवार, ५ तारीख

आजपासून झाडाचं जेवण सुरू केलं. दुपारी भाज्यांचं सूप, फडक्यातून गाळून, कोमट करून. तिखट घातलं नाही, पोट नाजूक असेल. मीठ मात्र बेताचं घातलं. बेचव अन्न मी आजवर कुणापुढे ठेवलेलं नाही आणि आता या वयात ठेवणार नाही. संध्याकाळी साखर घालून दूध.

सगळं गट्ट केलं! वाटी ओतली की माती क्षणात पिऊन टाकते. केवढी भूक असेल बिचाऱ्याला. आणखी एक वाटी ओतली.

फोनवर हिला सांगितलं, "झाड छान जेवतंय."

ती म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे तू काळजी करू नकोस."

रविवार, ८ तारीख

आज व्हिडिओ कॉल झाला. हिचा चेहरा चांगला भरलेला दिसला. तिकडची हवा मानवलेली दिसते. इथे असताना दोन घासांत उठायची. मी आग्रह करकरून वाढायचो, तर म्हणायची भूक नाही.

मागे मेव्हणी कपडे वाळत घालत होती. कुठला हात मोडलाय ते मला काही ओळखू आलं नाही, कारण ओली चादर ती दोन्ही हातांनी झटकत होती. फार सोशिक बाई आहे. तिने मागूनच ओरडून सांगितलं, "भावोजी, ताईच्या हातचं रोज खाऊन आम्ही सगळे सुटलोय बघा!"

हे ऐकून मी चाट पडलो. ही आणि स्वयंपाक? मी निवृत्त झाल्यापासून हिने घरात साधा चहा केलेला नाही. करायची वेळच मी येऊ दिली नाही. इतकी वर्षं राबली, आता आराम कर म्हटलं. सुरुवातीला यायची ओट्याशी लुडबुडायला. पण कांदा चिरते तो एक फोड एवढी आणि एक तेवढी. मग सुरी हातातून काढून घ्यावी लागायची. मीठ घालताना शेजारी उभं राहून हात धरावा लागायचा. हळूहळू यायचीच बंद झाली. मला वाटलं, स्वयंपाक विसरली असेल.

पूर्वी ओट्याशी उभी राहून गुणगुणायचीसुद्धा. तेही बंद झालंय. वयाने आवाज जातो माणसाचा.

बुधवार, ११ तारीख

मूठभर पानं गळली. कुंडीला मुंग्या लागल्यात आणि मातीवर पांढरट बुरशी धरलीये. स्वयंपाकघरात आंबूस वास येतोय. फ्रिज उघडून हुंगला, फ्रिजचा नाहीये.

लक्षात आलं की हे अपचन आहे. बऱ्याच दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम दूधसाखर दिली, माझंच चुकलं. आता हलका आहार. भाताचं पातळ पाणी, चिमूटभर मीठ, सकाळ-संध्याकाळ.

शिवाय फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात ते एकटंच असतं. एकट्याने जेवण जात नाही, हे मला या आठ दिवसांत चांगलंच कळलंय. घर खायला उठतं. म्हणून कुंडी उचलून जेवायच्या टेबलाशी आणली आणि हिच्या खुर्चीवर ठेवली. ताट वाढून घेतलं. त्याला त्याची वाटी. कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. झाड ऐकतं छान, आणि मध्येच भूक नाही म्हणून उठून जात नाही.

शुक्रवार, १३ तारीख

वरच्या मजल्यावरच्या शाळाबाई आज खाली आल्या. विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण अजून सगळ्यांशी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. मला आचारीबुवा म्हणतात.

"आचारीबुवा, जिन्यात वास कसला येतोय? काही मेलंय का घरात?"

"काही मेलेलं नाही. झाडाला जरा बरं नाहीये."

त्या आत आल्या. खुर्चीवरची कुंडी बघितली. समोरची वाटी बघितली. वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ?"

"बेताचंच आहे."

"तुम्ही झाडाला मीठ घालता?"

"बेचव कोण खाईल बाई?"

त्या हिच्या खुर्चीवर बसणार होत्या, तिथे झाड होतं, मग माझ्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ कपाळाला हात लावून होत्या. मी पाणी आणून दिलं.

"आचारीबुवा, झाडाला कुणी जेवायला घालत नाही. झाड आपलं जेवण आपण करतं."

"कुठे करतं?"

"पानात. प्रत्येक हिरवं पान म्हणजे एकेक स्वयंपाकघर. मुळांकडून पाणी येतं. पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, तिथून हवा आत येते. आपण श्वासातून जो वायू बाहेर टाकतो ना, तोच. पाणी आणि हवा, एवढंच सामान. त्याची होते साखर."

"आणि आच?"

"उजेड! पानातला हिरवा रंग उन्हाचा उजेड पकडतो. ती आच."

मला हसूच आलं. पाणी आणि हवा घेऊन साखर! असं असतं तर मी कशाला जन्मभर चुलीपुढे शिजलो असतो? मी म्हटलं, "मग मातीतलं काहीच खात नाही म्हणता?"

"थोडे क्षार घेतं. तुमच्या भाषेत मसाला. मसाल्यावर कुणाचं पोट भरतं का?"

हे मात्र मला पटलं. नुसत्या मसाल्यावर नाही भरत.

"मग याच्यासाठी मी करायचं काय?"

"उजेड द्या, पाणी द्या आणि बाजूला व्हा."

बाजूला व्हा म्हणे. मी त्यांना चहा विचारला नाही.

रविवार, १५ तारीख

शाळाबाईंच्या गॅलरीत जाऊन त्यांच्या जास्वंदीसमोर सकाळभर बसलो. म्हटलं, स्वयंपाक चाललाय म्हणता ना, बघू तरी. ना धूर, ना वास, ना भांड्याचा आवाज. चारशे माणसांचं जेवण निघायचं तेव्हा आमच्या कँटीनचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. मी विचारलं, मग हे खरकटं कुठे टाकतं? बाई म्हणाल्या, "त्याच्या स्वयंपाकात जो वायू उरतो, तो ते बाहेर सोडतं. त्यावर तर तुम्ही-आम्ही जगतो."

म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं घेऊन मी गेली कित्येक वर्षं श्वास घेतोय. कमीपणाच वाटला जरा.

पण मी काही मान डोलावली नाही. डोळ्यांनी दिसल्याशिवाय पदार्थ झाला असं मी मानत नाही. बाई म्हणाल्या, "दाखवते." त्यांनी जास्वंदीच्या एका पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी गुंडाळली आणि टाचणीने अडकवली. दोन दिवस थांबा म्हणाल्या.

मंगळवार, १७ तारीख

आज माझ्या ओट्यावर, माझ्या भांड्यात, माझ्यासमोर दुसऱ्या कुणीतरी काहीतरी शिजवलं. असं आजवर झालेलं नाही. अंगाचा तिळपापड झाला होता, पण बाईंपुढे बोलायची सोय नाही. एकदा मी चमचा पुढे केला तर "हात मागे!" म्हणून ओरडल्या. मी खरोखर हात मागे बांधून उभा राहिलो.

भर दुपारी त्यांनी दोन पानं आणली. एक त्यांच्या जास्वंदीचं, कागदाची पट्टी लावलेलं. दुसरं माझ्या लिंबाचं, त्यातल्या त्यात बरं बघून तोडलेलं. पाणी उकळून दोन्ही त्यात टाकली. मग गॅस बंद केला. स्पिरिट पेट घेतं, त्याला आच लावायची नाही म्हणे. वाटीत स्पिरिट घेऊन पानं त्यात घातली आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. हिरवा रंग सुटला. स्पिरिट हिरवं झालं, पानं पांढरीफटक. मग पानं धुऊन बशीत पसरली आणि त्यांच्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं. जखमेवर लावायचं ते.

"आता बघा. जिथे जेवण तयार होऊन साठलं असेल, तिथे काळानिळा रंग येईल."

जास्वंदीचं पान बघता बघता काळंनिळं पडलं. मधली पट्टी तेवढी तशीच राहिली, पिवळट तपकिरी. जिथे कागद होता तिथे स्वयंपाक झाला नव्हता. एकाच पानात, बोटभर अंतरावर, इकडे पंगत आणि तिकडे उपास.

खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो. इतका मोठा आचारी माझ्या आयुष्यात मी पाहिला नव्हता, आणि तो शिजवताना हूं की चूं करत नाही.

मग माझ्या लिंबाचं पान. मी बशीवर वाकलो. बाईही वाकल्या. आयोडीन घातलं, थांबलो, परत घातलं. काळंनिळं काही होईना. सगळं पान त्या पट्टीसारखंच पिवळट.

"याच्या घरात चूलच पेटलेली नाही," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

मी रोज वाट्या भरभरून ओतत होतो आणि ते समोर बसून उपाशी मरत होतं.

बुधवार, १८ तारीख

बाई काल जाताना विचारत होत्या, "हे झाड पूर्वी कुठे असायचं?"

मी म्हटलं, "इथेच, स्वयंपाकघराच्या खिडकीत. सकाळपासून ऊन येतं तिथे."

"मग हललं कसं?"

"मी निवृत्त झाल्यावर माझं बरण्यांचं कपाट आणलं ना. दुसरीकडे कुठे मावेना, म्हणून खिडकीला लावलं आणि झाड कोपऱ्यात सरकवलं."

"बायको काही बोलली नाही?"

"बोलली होती. ओट्यावर अंधार येतो म्हणाली. मी म्हटलं, तुला आता ओट्याशी काम काय?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. फळ्यावरचं गणित पोराला कधी सुटतंय याची वाट बघावी, तशा. मग वर निघून गेल्या.

आज दिवसभर ते कपाट बघत बसलो. माझ्या सगळ्या बरण्या, ओळीने, नावानिशी. कारखान्याने निरोप दिला तेव्हा एवढंच बरोबर आणलं होतं. हे गेलं तर मी या घरात कोण, असं वाटतं. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार?

गुरुवार, १९ तारीख

कपाट हलवलं. जिन्याखालच्या अडगळीत ठेवलं. बाई आणि मी ढकलत होतो. बाई ताकदवान आहेत. रोज लागणाऱ्या दोन-चार बरण्या ओट्यावर ठेवल्या, बाकीच्या तिकडेच.

कपाट निघालं आणि स्वयंपाकघरात एवढं ऊन आलं की मला डोळ्यांवर हात धरावा लागला. ओट्यावर तेलाचे केवढाले डाग! अंधारात काही दिसत नव्हते. मी स्वतःला फार स्वच्छ समजत होतो.

मग कुंडी मोरीत नेऊन बादलीच्या बादली पाणी ओतलं, माझं मीठ धुऊन काढायला. बाईंनी वरची कुजकी माती काढून नवी घातली. झाड खिडकीत ठेवलं. ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसली. तेवढं काम बाईंनी मला दिलं. उरलेली पानं फारशी नाहीत, लवकर संपलं.

मंगळवार, २४ तारीख

काही नाही. जैसे थे.

हात शिवशिवतात. काल रस्सा इतका सुरेख जमला होता की अर्धी पळी तरी द्यावी असं वाटलं. पळी घेऊन खिडकीपर्यंत गेलोही. मग शाळाबाईंचा आवाज कानात घुमला आणि पळी मीच पिऊन टाकली.

हिचा फोन होता. आणखी राहते म्हणाली. मी म्हटलं, "अजून बरा झाला नाही का हात?"

"कुठला हात?" म्हणाली. मग म्हणाली, "हां, तो. वेळ लागतो."

झाड गेलं तर तिला काय सांगू हा एक घोर, आणि ती आलीच नाही तर कुणाला सांगू हा दुसरा. "तू ये ना," असं म्हणणार होतो. त्याऐवजी जेवलीस का विचारलं. मला दुसरं काही विचारताच येत नाही.

रविवार, २९ तारीख

पालवी!

सकाळी चहा घ्यायला गेलो तर बुडाशी, जुन्या लाकडावर, हिरवा ठिपका. चष्मा लावला. दोन पानं, तांदळाच्या दाण्याएवढी, चकचकीत. मी काहीही न देता. मी ओरडलो तसा वरून बाई सपाता न घालता धावत आल्या. त्यांना वाटलं भाजलं मला. बघून म्हणाल्या, "शाब्बास." मला म्हणाल्या की झाडाला, ते कळलं नाही. मी घेऊन टाकलं.

हिला फोटो पाठवला. पाचच मिनिटांत फोन.

"बरण्यांचं कपाट कुठे गेलं?"

मी म्हटलं, "अगं पालवी बघ की! बुडाशी, डावीकडे."

"बघितली. कपाट कुठे गेलं?"

"जिन्याखाली. झाडाला उजेड लागतो म्हणे. ते आपलं आपण करून खातं. मला ठाऊकच नव्हतं गं. मी उगाच भरवत बसलो होतो, आणि उजेड माझ्याच कपाटाने अडवला होता."

तिने हे मला परत एकदा सांगायला लावलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"वरच्या बाईंनी. पान शिजवून दाखवलं. तू ये ना आता."

आलं एकदाचं तोंडातून.

"परवा येते," ती म्हणाली.

एका फोटोने मेव्हणीचं हाड जुळून आलं.

मंगळवार, ३१ तारीख

ही आली. बॅग दारातच ठेवून आधी स्वयंपाकघरात गेली. खिडकीशी उभी राहिली, पालवीला बोट लावलं, मग ओट्यावरून हात फिरवला. डाग मी घासून काढलेत, तेही तिने बघितलं.

"बटाटे आहेत का?"

"आहेत. मी लगेच करतो, तू दमली असशील."

"तुम्ही बसा."

बसलो. स्वयंपाकघरात मी कधी बसलेलो नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचे कळेना. शेवटी मांडीखाली दाबून ठेवले. तिने कांदा चिरायला घेतला. एक फोड एवढी, एक तेवढी. मी झाडाकडे बघत राहिलो. तेल जास्त तापलं, ते मला वासावरून कळलं. जीभ चावली. मीठ घालताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो.

जरा वेळाने ती गुणगुणायला लागली. म्हणजे आवाज गेलेला नव्हता.

"तुझ्या बहिणीचा हात कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. "आता अगदी बरा आहे."

कुठला होता ते मी विचारलं नाही.

मग पळी हातात धरूनच ती वळली. "अहो, जरा सरका. तुम्ही उजेड अडवताय."

मी खुर्ची उचलून भिंतीला लावली. ऊन झाडावरून तिच्या हातांवर आलं.

भाजीत मीठ कमी होतं. हे फक्त इथे लिहितो. दोनदा मागून घेतली.